कोमट पाटी

अंबिका घाडी सकाळी उठली की प्रथम स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि मग गॅस पेटवी. नाचणीच्या पिठात थोडे गार पाणी घालून ते बोटांनी एकजीव करायचे, उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडायचे आणि दुसऱ्या हाताने पळी एकाच दिशेने फिरवत राहायचे, हा क्रम तिने कधी मोडला नव्हता. पेज दाटू लागे तसा पळीला येणारा जडपणा तिच्या मनगटाला ओळखीचा होता. खिडकीतून करी रोडचा पूल फार खाली, खेळण्यातल्यासारखा दिसे. ज्या चाळीत तिचा जन्म झाला ती पाडून त्याच जागेवर हा टॉवर उभा राहिला होता, आणि पूर्वी दुसऱ्या मजल्यावर राहणारे घाडी आता ढगांच्या शेजारी राहत होते. ह्या बदलाची तिला खंत नव्हती. पावसाळ्याच्या मधल्या उघडिपीत, श्रावणात, इथवर वारा येई आणि आईची दमट झालेली कोकमे खिडकीच्या कठड्यावर पुन्हा सुकत. आजही ती सुकत होती. नुकतेच डोळ्यांचे ऑपरेशन झालेली तिची आई रमाबाई काळा चष्मा लावून जेवणाच्या टेबलाशी बसली होती.

"आज सगळा कसा लख्ख दिसता," ती म्हणाली. "तुझ्या पंख्यावर केवढी धूळ हा गो!"

"डॉक्टरांना सांगायला हवं होतं, एकच डोळा बरा करा म्हणून."

"हस तू. पेजेत गुठळी नाय ना ऱ्हवली?"

"नाही गं."

"तुझो बापूस असतो तर पळी हातात घेऊन बघतो."

हे वाक्य रोजचे होते. अंबिका दोन वाट्या टेबलावर ठेवून आईसमोर बसली. पन्नाशी उलटलेल्या, लग्न न केलेल्या आणि त्याबद्दल आता कोणी विचारीनासे झालेल्या बाईच्या आयुष्यात जी एक सपाट, उजेडाची जागा तयार होते, त्या जागेत ती बसली होती. पेज गरम होती. आईला दिसत होते. चालत पोचता येईल अशा अंतरावर, लालबागच्या एका औद्योगिक इमारतीतल्या गाळ्यात, तिचे काम तिची वाट पाहत होते. त्या कामाचा विचार आला तेव्हा मात्र तिने वाटी खाली ठेवली. गाळ्याचे मालक चिंतामणी परवा फोनवर अगदी सौम्यपणे बोलले होते. "अंबिकाबाई, ह्या वेळी पाटी तापली नाही तर मी पुण्याच्या लोकांना हो म्हणणार. सगळं काम तिकडे जाईल. तुम्हाला तिथे घर बघून देतो. हवा चांगली आहे." "हवा इथलीही बरी आहे," असे ती म्हणाली होती, आणि ते हसले होते, पण हसण्याने काही बदलत नाही हे दोघांनाही कळत होते.

पाटी म्हणजे शाळेतल्या पाटीसारखी दिसणारी काळी, पातळ तक्ती. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, केसाच्या जाडीत हजारो मावतील इतक्या बारीक, चिकट रेझिनमध्ये मिसळून ती ओतली जाई. ठरल्याप्रमाणे सगळे जुळले तर तिच्या दोन कडांना बॅटरी जोडताच नळ्यांतून वीज वाहावी आणि पाटी हळूहळू कोमट व्हावी. आडगावाहून मोठ्या दवाखान्याकडे गाडीतून नेल्या जाणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पाळण्याखाली ती बसवायची होती. तार नाही, तुटायचे काही नाही, नुसती ऊब. कल्पना इतकी सोपी आणि सुंदर होती, की ती न साधल्याचे अंबिकाला वैयक्तिक अपमानासारखे वाटे. तिच्या पाट्या आरशासारख्या गुळगुळीत होत, पण बॅटरी लावली की त्या गारच राहत. काही किंचित तापत, आजारी माणसाच्या हसण्याइतपत. प्रत्येक वेळी ती अधिक नेटाने मिश्रण घोटी आणि प्रत्येक पाटी मागच्याहून थोडी अधिक गार निघे.

ती पोचली तेव्हा गुणवंती आधीच आली होती. ही पोर मच्छीमार नगरातली, कफ परेडची. पॉलिमरमध्ये इंजिनिअर झालेली आणि दोन वर्षे अंबिकेच्या हाताखाली काम करणारी. काल नारळी पौर्णिमा होती, आणि काल अंबिका आईला घेऊन शीवच्या डॉक्टरांकडे गेल्यामुळे गाळ्यात गुणवंती एकटीच होती. तिच्या बोटांवर अजून मेंदी होती आणि चेहऱ्यावर काही तरी लपवल्याचा भाव.

"मॅडम, ओरडणार नसाल तर एक दाखवते."

"मी कधी ओरडते गं?"

"ओरडत नाही. नुसत्या बघता. ते जास्त वाईट आहे."

"काय सांडलंस?"

"सांडलं नाही. काल ते लहान सॅम्पल घोटायच्या रोलरवर घेतलं होतं. दोन-चार फेरे झाले, आणि आईचा फोनवर फोन. होडी सजवून तयार, बाबा दारू न पिता तयार, म्हणजे बघा. मी नसताना नारळ सोडला तर वर्षभर ऐकावं लागतं. घाईघाईत मी हार्डनर ओतून बसले. मग काय, उद्यापर्यंत दगडच होणार. नळ्यांची पावडर एवढी महाग, फेकायची कशी? म्हटलं, ओता साच्यात. ओतली, ओव्हनला लावली आणि पळाले."

"मला फोन का नाही केलास?"

"केला असता तर तुम्ही आजींना डॉक्टरांच्या दारात सोडून टॅक्सीने आला असता."

हे खरे होते. गुणवंतीने टेबलावरचे फडके बाजूला केले. खाली तळहाताएवढी काळी पाटी होती, कडांना तांब्याच्या पट्ट्या, पट्ट्यांना बॅटरीच्या वायरी. पाटीला चकाकी नव्हती. पाण्यात भिजून वाळलेल्या कोळशासारखी ती मंद, खरबरीत दिसत होती. "हात ठेवा," गुणवंती म्हणाली. अंबिकेने हात ठेवला.

ऊब. चटका नाही, कढत नाही. कुणी नुकतेच उठून गेलेल्या जागेवर हात टेकावा तशी. तिचा हात आपोआप मागे आला आणि पुन्हा पुढे गेला. ज्या गोष्टीची ती वर्षभर वाट पाहत होती ती गोष्ट तिच्या तळहाताखाली होती, आणि आनंदाच्या आधी, आनंदाला ढकलून, जे तिच्या मनात आले ते होते: हे चुकीचे आहे.

तिने पाटीचा एक कोपरा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काळ्या ढगांचे पुंजके. इथे एक, तिथे एक, एकमेकांना लोंबकळणारे, कडा विस्कटलेल्या. गुठळ्या. तिला खरोखरच शिसारी आली, जशी दुधात केस दिसला की येते. आणि ही शिसारी आपली नव्हे, ती आपल्याला कुणी तरी दिली आहे, असे तिला एकदम वाटले. असे पूर्वी कधी वाटले नव्हते.

लवू घाडी, तिचे वडील, परळच्या एका गिरणीत सायझिंग खात्यात होते. ताण्याच्या सुताला मागावर चढवण्याआधी कांजी पाजायची हे त्या खात्याचे काम. मोठ्या हौदात स्टार्च, चिंचोक्याची पूड, चरबी उकळत असे, आणि त्या सगळ्याचा एक आंबूस, उबट वास वडिलांच्या अंगाला कायमचा होता. त्यांनी साबण लावून आंघोळ केली तरी तो गळ्याच्या मागे शिल्लक राही. कांजी नीट झाली का हे ते एक थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळून सांगत. गुठळी राहिली की ती सुतावर बसते, मागाच्या फणीत अडकते, धागा तुटतो, माग थांबतो, आणि विणकर सायझिंगच्या नावाने शिव्या देतो. "गुठळी म्हणजे आपली लाज," असे ते म्हणत. घरी आमटीत, पिठल्यात, पेजेत, घावण्याच्या पिठात, कुठेही गुठळी दिसली की ते काही बोलत नसत, फक्त जेवताना ती बोटाने ताटाच्या कडेला सारून ठेवत. आई ती सारलेली गुठळी पाही आणि दुसऱ्या दिवशी अधिक वेळ पळी फिरवी. अशा घरात वाढलेल्या मुलीने पुढे रसायनशास्त्र शिकावे, डॉक्टरेट करावी, परदेशी मासिकांत लेख लिहावेत आणि तरी तिच्या हाताने आतल्या आत एकच गोष्ट शिकलेली असावी, यात नवल काय?

पाट्या गार का राहतात ह्याचे कारण तिला माहीत होते. हीच गोष्ट आता तिला सर्वांत विचित्र वाटत होती. फार घोटले की नळ्या तुटून आखूड होतात, प्रत्येक नळी रेझिनच्या वेगळ्या पांघरुणात गुंडाळली जाते, एकीचा दुसरीला स्पर्श राहत नाही आणि वीज वाहत नाही, हे तिने वाचले होते. पूर्वी विद्यार्थ्यांना शिकवलेसुद्धा होते. फळ्यावर आकृती काढून. पण वाचलेले हाताला पटत नाही. हात म्हणे, अजून एक फेरा. रोलरवर काळा पट्टा चमकेपर्यंत, एकही दाणा दिसेनासा होईपर्यंत, अजून एक. आणि पाटी तापली नाही की हात म्हणे, बघ, कमी पडलं.

"मॅडम, चहा?" गुणवंतीने विचारले. "का बॉस, आधी मला शिक्षा?"

"हीट कॅमेरा आण. ह्यात कुठे एका जागी जास्त तापतंय का बघायचं. बाळाच्या पाठीखाली जायचीय ही."

"सकाळीच बघितलं. सगळीकडे सारखी. तुमची शपथ."

"माझी शपथ नको. कॅमेरा आण."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाटी पिकल्या आंब्यासारखी केशरी दिसली, कडेपासून कडेपर्यंत एकसारखी. कुठेही जास्त तापल्याचा पांढरा ठिपका नाही. सूक्ष्मदर्शकात एवढी विस्कळीत आणि हाताला एवढी समान. अंबिकेने बॅटरी काढली, पाटी निवू दिली, पुन्हा लावली. दुपारपर्यंत तिने हे इतक्या वेळा केले की शेवटी गुणवंती म्हणाली, "बाबा सगळ्यांना सांगतात, माझ्या लेकीला लालबागला काजळ बनवायची नोकरी लागलीय. त्यांना सांगू का, आता काजळाचा शेगडीसारखा वापर करतो म्हणून?" अंबिका हसली. पाटी पुन्हा कोमट झाली होती.

दुपारी गुणवंती डबा उघडून बसली; कालच्या नारळीभाताचा वास गाळ्यात पसरला. अंबिका खिडकीशी उभी राहिली. समोरच्या बंद गिरणीची चिमणी अजून होती, तिच्याभोवती काचेच्या इमारती. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी अंबिका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. जानेवारीत भोंगे थांबले, आणि पहिल्या काही दिवसांत तिला सर्वांत जास्त काय बोचले असेल तर ती शांतता नव्हे, वडिलांच्या अंगावरून उतरत चाललेला वास. उन्हाळ्यापर्यंत ते कुणाही माणसासारखे झाले, साबणाच्या वासाचे. ते गॅलरीत बसत आणि त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत राही, मध्ये थेंब नसताना. आईची खाणावळ होती. पण जेवणारे तेही गिरणीतलेच, एकेक करून कोकणात निघून गेले, आणि शेवटी चार ताटांची खाणावळ राहिली. एवढे सगळे तिला नेहमी आठवे आणि नेहमी त्याच क्रमाने. आज मात्र त्या क्रमाच्या बाहेरचे काही तरी वर आले.

ते घोळके. चाळीच्या जिन्याखाली, पानवाल्यापाशी, नळाजवळ, पुलाच्या तोंडाशी माणसे घोळक्याने उभी असत. कुणाचे हात कुणाच्या खांद्यावर, लेंग्यात, बनियनवर, विडी एकाची आणि काडी दुसऱ्याची. कामावर असताना जी माणसे पाळीप्रमाणे सरळ रांगेत जात-येत, ती आता अशी पुंजक्यांनी लटकत होती, आणि कॉलेजात जाणाऱ्या, इस्त्रीची ओढणी घेतलेल्या अंबिकेला त्यांच्यामधून वाट काढताना संकोच होई. पण बातमी त्या पुंजक्यांतून जाई. गेटवर काही झाले की पुलाच्या तोंडाशी असलेल्या घोळक्याला आधी कळे, मग पानवाल्यापाशी, मग नळाजवळ, मग जिन्याखाली, आणि जिन्याखालून गॅलरीत बसलेल्या वडिलांपर्यंत ती पोचायला पेज दाटण्याइतकासुद्धा वेळ लागत नसे. मग जमावबंदीचा हुकूम निघाला. पोलीस आले, काठीने जमिनीवर टकटक करत म्हणाले, चला, वेगळे व्हा. माणसे वेगळी झाली. प्रत्येक जण आपापल्या दारात उभा राहिला, सगळी चाळ कशी स्वच्छ, मोकळी, नीटनेटकी दिसू लागली. त्याच मजल्यावरच्या टोकाच्या खोलीतल्या कोंडीरामला पकडून नेल्याचे घाडींना दुसऱ्या दिवशी कळले. वडील दारात उभे होते, तो पलीकडच्या दारातून गेला होता, आणि मधल्या दारांत एकेकटी माणसे उभी होती.

अंबिकेला तुलना आवडत नसत. माणसे म्हणजे नळ्या नव्हेत, आणि संप म्हणजे प्रयोग नव्हे. ज्यांचे आयुष्य त्यात गेले त्यांच्यावरून आपल्या पाटीला शहाणपण लावणे तिला अश्लाघ्य वाटले. तिने तो विचार बाजूला सारला. पण सारतानाच तिच्या लक्षात आले की त्या वर्षी, त्या मोकळ्या, नीटनेटक्या चाळीत वडील किती एकटे होते हे तिने कधीच पाहिले नव्हते. तिने त्यांचा अंगठा पाहिला होता. नंतर गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली, सायझिंगमधल्या निम्म्या माणसांना बोलावणे आले नाही. लवू घाडी त्या निम्म्यांत होते. शिवडीला एका खळ बनवणाऱ्याकडे ते काही वर्षे जात. आणि त्याच वर्षांत अंबिका कुठल्याशा प्रयोगशाळेत पहिल्यांदा काचेच्या कांडीने काही तरी ढवळत होती, फार वेळ, गरजेपेक्षा फार अधिक वेळ. तेव्हापासून आजपर्यंत. म्हणजे ज्याला आपण काटेकोरपणा म्हणत आलो ती एक प्रकारची सोबत होती तर. वडिलांचे थांबलेले काम कुणी तरी चालू ठेवायला हवे होते.

हे कळल्यावर रडू येईल असे तिला वाटले. आले नाही. उलट, घट्ट घातलेली वेणी सोडली की डोक्याची कातडी जशी सैल, हलकी होते तसे काहीसे झाले. कांजीसाठी वडील बरोबर होते. सुताला गुठळी चालत नाही. सुताचे काम वेगळे होते, आणि ते त्यांनी उत्तम केले होते. त्यात काही राहून गेले नव्हते.

"अहो मॅडम, भात घ्या की. कोळ्यांचा नारळीभात भरपूर लवंगा घालून असतो, तुमच्यासारखा भटी नाही."

"आमचा कुठला भटी? मालवणी माणसं आम्ही."

"तेच ते. नारळ आमच्यापेक्षा जास्त खाता नि वर नाव आमचं."

अंबिकेने दोन घास खाल्ले. फोन वाजला, चिंतामणी होते. ग्राहकाची माणसे परवा येणार, आणि त्यांना पूर्ण आकाराची पाटी हवी, तळहाताएवढे सॅम्पल नको. पावडर किती उरली आहे? एका पाटीपुरती, तिने सांगितले. नवी यायला महिना लागेल. "मग ही एकच," ते म्हणाले. "तुम्हाला वाटेल तशी करा. मी मध्ये पडत नाही." पण फोन ठेवण्याआधी ते थोडे थांबले, आणि त्या थांबण्यात पुण्याचे घर, पुण्याची हवा, सारे काही होते.

"माझ्यासारखी करायची की तुमच्यासारखी?" गुणवंतीने विचारले. मस्करी आता तिच्या आवाजात नव्हती. "माझी लॉटरी असेल, मॅडम. लहान होती, मोठीत काय होईल कुणास ठाऊक. तुम्ही म्हणाल तसं."

"पावडर काढ," अंबिका म्हणाली. "मास्क लाव."

काचेच्या बंद कपाटात हातमोजे घातलेले हात सरकवून त्यांनी पावडर तोलली, रेझिनमध्ये सोडली. पावडरीला वजन असे नव्हतेच, काळोखाचा भुगा. मग तीन रोलरांचे यंत्र सुरू झाले. एकमेकांना लागून, वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या त्या तीन चकचकीत दंडांमधून मिश्रण एका बाजूने आत जाई आणि दुसऱ्या बाजूने पातळ पट्टा होऊन बाहेर येई. तो खरवडून पुन्हा आत घातला की एक फेरा. यंत्राचा आवाज खालच्या पट्टीतला, एकसुरी, पोटात उतरणारा होता, आणि अंबिकेला तो नेहमीच आवडे. पहिला फेरा. पट्टा मातीसारखा आला. दुसरा. गुणवंती बाजूला उभी राहून पट्टा पाहत होती. तिसऱ्यानंतर पट्ट्यावर किंचित चकाकी आली आणि त्या चकाकीत दाणे स्पष्ट दिसू लागले, खसखशीसारखे. इथून पुढे प्रत्येक फेऱ्यागणिक ते बारीक होतील, मग नाहीसे होतील, मग पट्टा आरसा होईल आणि त्यात वरचा दिवा दिसेल. तो क्षण तिला इतका परिचित होता की तिचा हात त्याच्या दिशेने आधीच निघाला होता. खरवडणी हातात, मिश्रण पुन्हा आत घालण्याच्या बेतात. तिने हाताकडे पाहिले. त्याला तिने घाई केली नाही, दटावलेही नाही. काही क्षण तो तसाच अधांतरी राहिला, आणि मग, मोठ्या माणसाने बसायला जागा दिल्यासारखा, खाली आला.

तिने लाल बटण दाबले. रोलर फिरता फिरता मंद झाले, थांबले. दाणे होते तसे होते.

"झालं?" गुणवंतीने हळूच विचारले.

"हार्डनर दे."

दोघींनी मिळून मिश्रण साच्यात ओतले. अंबिकेने साचा दोन्ही बाजूंनी टेबलावर हलकेच आपटून आतली हवा काढली, कडेच्या तांब्याच्या पट्ट्या सरळ केल्या, साचा ओव्हनमध्ये सरकवला आणि दार लावले. मग एप्रन खुंटीला अडकवून ती खिडकीशी गेली आणि गुणवंतीच्या डब्यातला उरलेला भात, लवंगा बाजूला न काढता, सावकाश खाऊ लागली.